शेरी पिंपातली सिंगल माल्ट: चव नेमकी येते कुठून?

निवांत नाना

मागे धुरकट सिंगल माल्टच्या (एकाच डिस्टिलरीची, मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) धाग्यावर कोणीतरी जाता जाता पिंक टाकली होती, "शेरीवाली म्हणजे रंग गडद, चव गोड, विषय संपला." तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो, पण राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा. लांबलाय, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, शेरी (एक स्पॅनिश वाइन) व्हिस्कीत ओतत नाहीत. असा समज असलेले बरेच जण भेटतात. स्कॉचच्या २००९ च्या नियमांप्रमाणे तिच्यात पाणी आणि साधा कॅरॅमल रंग यापलीकडे काहीही घालता येत नाही. म्हणजे जे येतं ते लाकडातून, आणि ते लाकूड आधी शेरी प्यायलेलं असतं एवढंच. ७०० लिटरपर्यंतचं ओकचं पिंप, त्यात किमान ३ वर्षं आणि तीही स्कॉटलंडमध्येच, असा कायदा. शेरीच्या मोठ्या पिंपाला बट म्हणतात (हसू नका), ते साधारण ५०० लिटरचं असतं, बर्बनचं (अमेरिकन व्हिस्कीचं) बॅरल २०० च्या आसपास.

आता शेरी म्हणजे काय, तर स्पेनच्या दक्षिणेला हेरेझ, सानलुकार आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन गावांच्या टापूत बनणारी, वरून अल्कोहोल घालून कडक केलेली वाइन. त्यातली फिनो फिकट असते, तिच्यावर यीस्टची साय धरते आणि ती साय वाइनला हवा लागू देत नाही. ओलोरोसोला मुद्दाम १७ टक्क्यांपर्यंत नेतात म्हणजे ते यीस्ट तग धरत नाही, मग वर्षानुवर्षं हवा खात ती काळवंडत जाते आणि तिला अक्रोडाचा वास यायला लागतो. आणि गंमत इथेच आहे, ओलोरोसो मुळात कोरडी असते! गोड असते ती पेड्रो हिमेनेझ उर्फ पीएक्स, उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, काळी आणि घट्ट. व्हिस्कीवाले सगळ्यात जास्त वापरतात ते ओलोरोसोचं पिंप. मग ते "गोड" आलं कुठून?

माझं म्हणणं असं की आपण ज्याला शेरीची चव म्हणतो तिच्यात ओकचा वाटा फार मोठा असतो. युरोपियन ओक टॅनिन (चहात असतो तो तुरट घटक) जास्त सोडतो, मग रंग लालसर गडद येतो, लवंग-दालचिनी येते, जिभेच्या कडा किंचित आवळल्यासारख्या होतात. अमेरिकन ओकमध्ये व्हॅनिला आणि नारळाची छटा. आणि हेरेझच्या बोडेगांमध्ये (शेरी मुरवायच्या कोठारांत) स्वतःच्या शेरीसाठी पिढ्यानपिढ्या अमेरिकन ओकच जास्त वापरतात, त्यामुळे "शेरी कास्क" (कास्क म्हणजे पिंप) असं छापलेल्या दोन बाटल्या अगदी वेगळ्या निघाल्या तर आश्चर्य नको. एकात युरोपियन ओकचा बट, दुसऱ्यात अमेरिकन, दोन्हीत ओलोरोसोच होती, लेबल सारखंच.

आता चाखण्याबद्दल. उदाहरणाला ग्लेनड्रोनॅक १२ (डिस्टिलरीचं नाव आणि व्हिस्कीचं वय) घेतो कारण तिच्यात ओलोरोसो आणि पीएक्स दोन्ही पिंपं आहेत, ४३ टक्के आहे, पाण्याशिवायही झेपते. ट्युलिपसारखा वर निमुळता ग्लास घ्या. ग्लेनकेर्न चालेल, कोपिटा असेल तर उत्तम. कोपिटा हा मूळचा शेरीचाच ग्लास, लांब दांड्याचा, आणि व्हिस्कीचे ब्लेंडर लोक कित्येक वर्षं त्यातच वास घेत आलेत. बर्फ नको. बर्फ प्यायला ठीक आहे, चाखायला नाही, थंडीने वास दबतो.

ओतून दहा मिनिटं नुसती ठेवा. शेरीड माल्ट हवेत बरीच बदलते, पहिल्या वासात अल्कोहोल आणि मनुका एवढंच कळतं. मग ग्लास नाकाजवळ आणताना तोंड किंचित उघडं ठेवा, झोंबत नाही. आता घाई न करता शोधा. मनुकांच्या मागे संत्र्याची साल येते का? ओल्या फळाचा वास आणि सुकलेल्या फळाचा वास वेगळा काढता येतो का? अंजीर म्हणायचं की खजूर यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण फळ ताजं आहे की सुकं हे कळायलाच पाहिजे, कारण ताजं फळ (सफरचंद, पेअर) हे डिस्टिलरीच्या मूळ स्पिरिटमधून (पिंपात भरण्याआधीच्या कच्च्या दारूतून) येतं आणि सुकं बहुतेक करून पिंपातून. दोन्ही जाणवलं तर ती माल्ट तोलात आहे. नुसतं सुकंच जाणवलं तर ते स्पिरिट पिंपात बुडालंय.

घोट लहान घ्या, जिभेवर फिरवा, लगेच गिळू नका. पहिलं गोडसर, मध्ये मसाला, शेवटी कोरडेपणा, हा क्रम बऱ्याच शेरीड माल्टमध्ये असतो. तो शेवटचा कोरडेपणा जर कडू, फार उकळलेल्या चहाच्या अंगाने जायला लागला तर व्हिस्की पिंपात जास्त वेळ राहिलीये असं समजा. मला तो थोडासा आवडतो हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर खाली कोणी पकडेल.

जाणकारांनी भर घालावी.

अर्धा पेग

वाखुसा (वाचनखूण साठवली)! नाना, तुम्ही लिहित राहा आम्ही वाचत राहू. एक बाळबोध प्रश्न. रंग जेवढा गडद तेवढी शेरी जास्त असं धरून मी इतके दिवस बाटल्या निवडतोय. हे बरोबर आहे ना?

चिकित्सक ताई

अर्धा पेग, नाही. नानांनीच वर लिहिलंय, कॅरॅमल रंग चालतो. ई१५०ए नावाचा. तो घातला तर ब्रिटनमध्ये लेबलवर लिहायची सक्ती नाही, जर्मनीत आहे, म्हणून लोक जर्मन लेबलांचे फोटो शोधून शोधून बघतात. ज्यांनी घातलेला नाही ते मात्र "नॅचरल कलर" असं हौसेने छापतात. ग्लेनफार्क्लस, ग्लेनड्रोनॅक, मॅकॅलन हे रंग न घालणाऱ्यांतले.

आणि रंग खरा असला तरी तो काय सांगतो? पिंप किती वेळा वापरलंय ते थोडंफार. पहिल्यांदा व्हिस्की भरली तर फर्स्ट फिल, नंतर रिफिल. एकदा उकळलेली चहापत्ती पुन्हा उकळावी तसा प्रकार, दुसऱ्या चहाला रंग कमी. पण रिफिल शेरी बटमध्ये २५ वर्षं राहिलेली फिकट सोनेरी व्हिस्की चाखून बघा एकदा, काय सुंदर असते! रंगावर गेला असतात तर ती शेल्फवरच राहिली असती.

कोरडा ठणठणीत

धागा छान पण नानांनी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाळली, ती म्हणजे हे "शेरी कास्क" आता पूर्वीचे राहिलेले नाहीत.

पूर्वी शेरी स्पेनमधून ब्रिटनला पिंपांतूनच यायची, ब्रिस्टल, लंडन, लीथ अशा बंदरांत उतरायची, तिथेच बाटल्यांत भरायची आणि रिकामी पिंपं परत पाठवणं परवडत नसल्याने व्हिस्कीवाले ती स्वस्तात उचलायचे. म्हणजे ही चव कोणी ठरवून शोधलेली नाही, काटकसरीतून आली. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम आला आणि हा ओघ आटला. तसा तो आधीपासूनच कमी होत होता कारण ब्रिटनमध्ये शेरी पिणंच कमी होत चाललं होतं. मध्यंतरी पॅक्सरेट नावाचा प्रकार चालायचा, गोड दाट वाइन, ती दाबाखाली थकलेल्या पिंपाच्या लाकडात मुरवायची की पिंप पुन्हा ताजंतवानं. १९९० च्या सुमारास त्यावर बंदी आली.

आता काय करतात, तर नवीन ओकचं पिंप बनवून घ्यायचं, हेरेझला शेरी भरायची, दीड-दोन वर्षं ठेवायची, काढून टाकायची आणि पिंप स्कॉटलंडला. याला सीझनिंग म्हणतात. ही शेरी पिण्यासाठी नसतेच, पिंपासाठी असते. तीच तीच पुन्हा वापरतात आणि शेवटी व्हिनेगर नाहीतर ब्रँडीसाठी जाते. म्हणजे ज्या शेरीच्या नावाने आपण ग्लास नाकाला लावून डोळे मिटतो ती शेरी कोणी चाखलेलीही नाही. जुन्या बाटल्यांची सर आजच्यांना नाही ती यामुळे.

चिकित्सक ताई

ठणठणीत, इतिहास बरोबर, निष्कर्षाशी असहमत.

एक तर वाहतुकीच्या पिंपात शेरी किती काळ असायची याचा काही नेम नव्हता, कधी थोडे दिवस, कधी बरेच. म्हणजे पिंपांचा दर्जाही वरखाली. आजच्या सीझन केलेल्या पिंपात निदान लाकूड कोणतं, शेरी कोणती, किती काळ हे ठरवून घेता येतं. हेरेझच्या नियामक मंडळाने "शेरी कास्क" हे नाव वापरायला प्रमाणपत्राची पद्धत आणलीये आणि त्यात किमान एक वर्ष सीझनिंगची अट आहे.

दुसरं, सोलेरातली (शेरी मुरवायच्या पिंपांच्या उतरंडीतली) जुनी काळी पिंपं व्हिस्कीला मिळाली असती तर काय बहार आली असती असं काहींना वाटतं. ती पिंपं दशकानुदशकं वापरून लाकडाच्या दृष्टीने मेलेली असतात, बोडेगावाल्यांना ती तशीच हवी असतात, कारण त्यांना शेरीत ओकची चव नको असते. व्हिस्कीला ओक हवा असतो. त्यामुळे दोघांच्या गरजा मुळातच उलट्या, आणि म्हणून नवीन लाकडाचं सीझनिंग ही काही फसवणूक नाही.

जुन्या बाटल्या चांगल्या लागतात त्याची बाकी कारणंही असतील की. बार्ली वेगळी, यीस्ट वेगळं, भट्टी वेगळी. सगळं खापर पिंपावर कशाला?

धूर्जटी

आलो. काडी टाकायला.

शेरी म्हणजे मेकअप आहे. कच्चं, बेचव स्पिरिट घ्यायचं, फर्स्ट फिल पीएक्समध्ये बुडवायचं, वर "शेरी बॉम्ब" म्हणून विकायचं. मनुका मनुका आणि मनुका. खरी डिस्टिलरी बघायची असेल तर जुन्या रिफिल पिंपातली, पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरातली बघा. तिथे लपायला जागा नाही.

निवांत नाना

या या धूर्जटी, तुमचीच वाट बघत होतो.

अर्धं पटतं. नुसता शेरी बॉम्ब मलाही कंटाळवाणा होतो, आणि हलक्या स्पिरिटवर पीएक्स चढवलं की डिस्टिलरी कोणती ते ओळखता येत नाही हे खरंच. पण म्हणूनच ज्या डिस्टिलऱ्या शेरीसाठी नावाजलेल्या आहेत त्यांचं स्पिरिट बघा ना, ते मुळातच अंगाने भरलेलं असतं. मॅकॅलनचे स्टिल (स्पिरिट गाळायची तांब्याची भांडी) मुद्दाम बुटके, छोटे. छोट्या स्टिलमध्ये वाफेला तांब्याशी खेळायला वेळ कमी मिळतो, त्यामुळे जड, तेलकट स्पिरिट येतं. ग्लेनफार्क्लसचे स्टिल मोठे आहेत पण ते आजही खालून थेट आचेवर तापवतात, बहुतेकांनी कधीच वाफेवर नेलंय. त्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेचा प्रयोग करून पाहिला होता, स्पिरिटचा स्वभाव बदलला म्हणून परत आचेवर आले. मॉर्टलॅकचं स्पिरिट तर जवळपास मांसल असतं. अशा स्पिरिटला शेरीचं पिंप पेलतं. पिंप स्वभाव झाकत नाही, त्याच्याशी भांडतं आणि ते भांडण ऐकायला मजा येते.

ओळखायची युक्ती सांगतो. पाणी घालत जा. पाणी वाढवल्यावर पिंपाच्या खाली स्पिरिट सापडलं, म्हणजे बार्ली, माल्ट, ताजं फळ वगैरे, तर ती चांगली. पाणी घातल्यावर नुसतं पातळ मनुकांचं पाणी उरलं तर तुमचा मेकअप.

आणि तुमच्यासाठी खास, आर्डबेग उगेडाल चाखली नसेल तर चाखा. ५४.२ टक्के, पीटचा धूर आणि शेरी पिंप दोन्ही. किंवा उलट टोक, बुनाहावन १२, आर्डबेगसारखीच आयला बेटावरची पण धूर जवळपास नाही, शेरी आणि समुद्राचा खारेपणा.

धूर्जटी

उगेडाल आवडते. पण ती आवडते धुरामुळे. :)

नवशिक्या

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. मी एका शेरी कास्क माल्टमध्ये (नाव नाही घेत) स्पष्टपणे पेटवून विझवलेल्या काडीचा वास घेतला, मग थोडं रबर. सोबतच्या मित्राला अजिबात नाही आला, तो म्हणे छान चॉकलेट लागतंय. माझं नाक बिघडलंय का?

चिकित्सक ताई

नाक उत्तम आहे, बिघडलेलं असतं तर आलाच नसता. ते गंधक. रिकाम्या पिंपात बुरशी धरू नये, वाइनचं व्हिनेगर होऊ नये म्हणून आत गंधकाची वात जाळायची जुनी रीत आहे, तिचा अंश लाकडात राहिला तर व्हिस्कीत उतरतो. विझलेली काडी, फटाक्याची दारू, रबर, उकडलेली कोबी ही त्याची रूपं. शिवाय थोडं गंधक स्पिरिटमध्येही असतं, ते तांब्याने आणि वर्षांनी कमी होतं, त्यामुळे प्रत्येक वेळी पिंपालाच दोष देता येत नाही.

माणसामाणसांत याची जाणीव फार वेगळी असते. काहींना किंचितही सहन होत नाही, काहींना कळतच नाही, आणि काहींना थोडं हवंच असतं, त्यांना त्यात खमंगपणा वाटतो. तुमचा मित्र दुसऱ्या गटातला. ग्लास झाकणाशिवाय पंधरा-वीस मिनिटं ठेवून बघा, काडीचा वास बऱ्याचदा उडतो. रबर आणि कोबी मात्र सहसा जात नाही.

कोरडा ठणठणीत

+१. आणि हो, गंधकाला शिव्या घालायची फॅशन आलीये हल्ली. पुस्तकात वाचून वास घेतात.

अर्धा पेग

पाण्याचं जरा नीट सांगा कोणीतरी. नाना म्हणतात पाणी घाला, माझे काका म्हणतात चांगल्या माल्टमध्ये पाणी म्हणजे पाप.

निवांत नाना

काकांना साष्टांग दंडवत, पण त्यांच्या आवडत्या बाटलीत कंपनीनेच पाणी घातलेलं असतं. पिंपात भरताना स्पिरिट बहुधा ६३.५ टक्क्यांचं असतं, मुरताना उतरतं, आणि ४० किंवा ४३ वर आणायला बाटलीत भरण्याआधी पाणीच घालतात.

४०-४३ वाल्यांत मी थेंबभरच घालतो किंवा घालतच नाही, तिथे फार जागा उरलेली नसते. खरी मजा कास्क स्ट्रेंथमध्ये, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्याच ताकदीने भरलेलीत. ग्लेनफार्क्लस १०५ घ्या, ६० टक्के. तो १०५ आकडा म्हणजे ब्रिटिश प्रूफचा, अल्कोहोल मोजायच्या जुन्या पद्धतीचा. किंवा अबर्लोरची अबुना, सगळी ओलोरोसो बटमधली, बॅचनुसार ६० च्या थोडं मागेपुढे. अशीच घेतली तर जीभ सुन्न होते आणि पुढचं काही कळत नाही. चमच्याने थोडं थोडं घालत जायचं, दर वेळी वास घ्यायचा. आधी टॅनिन आणि मसाला पुढे असतो, मग मध्येच एका टप्प्यावर संत्रं आणि फळं एकदम उघडतात, आणि त्याच्या पुढे गेलात की कडवटपणा वर येऊन सगळं सपाट होतं. तो मधला टप्पा प्रत्येक बाटलीचा वेगळा असतो, शोधायचा आणि लक्षात ठेवायचा.

चिकित्सक ताई

याला शास्त्रीय जोड. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघांनी ग्वायाकॉल या धुरकट वासाच्या रेणूवर संगणकी सिम्युलेशन केलं होतं. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर तो रेणू पृष्ठभागाजवळ राहतो, ५९ च्या वर गेलं की आत मिसळून जातो. म्हणजे पाणी घातलं की वास वर येतो या अनुभवाला आधार मिळतो. पण ते सिम्युलेशन होतं, एका रेणूचं, तेव्हा लगेच प्रत्येक शेरी बटला लावू नका.

आणि पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित ढगाळ झाली तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण. चिल फिल्टर न केलेल्या (थंड करून न गाळलेल्या) माल्टमध्ये तेलकट घटक राहतात, ते ४६ टक्क्यांच्या खाली आल्यावर दिसायला लागतात. म्हणूनच चिल फिल्टर न केलेल्या बऱ्याच बाटल्या ४६ किंवा वरच्या असतात.

नवशिक्या

धन्यवाद ताई! अजून एक. "शेरी फिनिश" आणि "शेरी मॅच्युअर्ड" एकच का?

कोरडा ठणठणीत

अजिबात नाही. मॅच्युअर्ड म्हणजे पूर्ण काळ शेरी पिंपात. फिनिश म्हणजे आधी बहुतेक वेळ बर्बनच्या पिंपात आणि शेवटी काही महिने शेरीत. याचं प्रसिद्ध उदाहरण बाल्वेनी डबलवुड १२, डेव्हिड स्टुअर्ट यांनी आणलेली, १९९३ पासून बाजारात. बर्बनची पिंपं मुबलक असतात कारण अमेरिकेत बर्बनसाठी दर वेळी नवीन जाळलेला ओक लागतो, वापरलेलं पिंप त्यांना त्यासाठी पुन्हा चालतच नाही. शेरी बट त्याच्या कित्येक पट महाग. म्हणून हा मधला मार्ग. चांगल्या फिनिशला मी नावं ठेवत नाही, डबलवुड मधाळ आणि सोपी आहे, पण बऱ्याच फिनिशमध्ये शेरी वर तरंगते आणि खालची व्हिस्की वेगळीच राहते. दोन वास एकामागोमाग आले, एकत्र नाही आले, तर फिनिश असण्याची शक्यता जास्त.

आणि जुनं ते सोनं म्हणतो म्हणून माझ्यावर हसणाऱ्यांसाठी एक कोडं. ग्लेनड्रोनॅक १९९६ मध्ये बंद पडली, २००२ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१४ मध्ये भरलेल्या १५ वर्षांच्या बाटलीत नेमकी किती वर्षांची व्हिस्की असेल?

अर्धा पेग

१५?

कोरडा ठणठणीत

हिशोब करा. २०१४ मधून १५ वजा केले की १९९९. तेव्हा डिस्टिलरीला कुलूप. म्हणजे आतली सगळ्यात तरुण व्हिस्कीसुद्धा १९९६ मधली, किमान १७-१८ वर्षांची. लेबलवरचं वय सर्वात तरुण थेंबाच्या वयापेक्षा जास्त लिहिता येत नाही, कमी छापायला बंदी नाही. त्या काळातल्या बाटल्यांवर भरल्याची तारीख शोधत लोक उगाच फिरत नव्हते. मग साठा आटला आणि १५ काही वर्षं बाजारातूनच गायब झाली, २०१८ मध्ये परत आली.

धूर्जटी

हे मात्र भारी आहे. धुराशिवायही वाचण्यासारखं काहीतरी मिळालं या धाग्यावर.

नवशिक्या

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. उघडलेली बाटली किती टिकते? आणि वाइनसारखी आडवी ठेवायची का?

निवांत नाना

आडवी अजिबात नको, एवढं अल्कोहोल बुचाला लागत राहिलं की बूच कुजतं आणि चव व्हिस्कीत उतरते. उभी, अंधारात. अर्ध्याच्या वर भरलेली असेल तर काही महिने काहीच होत नाही, उलट कास्क स्ट्रेंथ शेरीड बाटल्या उघडल्यावर दोनेक आठवड्यांनी जास्त मोकळ्या होतात असा माझा अनुभव. तळाशी थोडीच उरली की मात्र फळं आधी जातात आणि नुसतं लाकूड राहतं, तेव्हा ती छोट्या बाटलीत काढून ठेवा किंवा कोणाला तरी बोलवा.

अर्धा पेग

नाना, बोलवायचं असेल तर आम्ही आहोतच.